पाणी तोडलेल्या बागेत मी

आई गेली सप्टेंबरात. डिसेंबर उजाडेपर्यंत "आता मोकळी झालीस बाई" हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलं होतं की एका काकूंना मी जिन्यातच विचारलं, "मोकळी होऊन करू काय, ते पण सांगा ना." त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

जुन्या वाचकांसाठी आधी खुलासा. हा ब्लॉग आठ वर्षं बंद होता, कारण आठ वर्षं आई अर्धांगवायूनं अंथरुणावर होती आणि तिचं सगळं मी करत होते. सगळं म्हणजे सगळं. नोकरी सोडली, फिरणं सुटलं, कंबर कामातून गेली. आता मी एकोणपन्नास वर्षांची आहे. आई गेल्यानंतरही कितीतरी दिवस मी पहाटे पाचला उठून तिची कूस बदलायला तिच्या खोलीत जात होते. पलंग रिकामा बघून तिथंच उभी राहायचे, आणि मग चहा ठेवायचे.

अशात माझ्या धाकट्या भावाचा, शिरीषचा, हैदराबादहून फोन आला. त्याच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या आता त्याच्याकडेच राहणार होत्या. "ताई, तू ये ना इकडे. तुला सगळं येतं. तशीही तू मोकळीच आहेस. पुण्याचा फ्लॅट भाड्यानं देऊन टाकू." पुढच्या रविवारपर्यंत सांग म्हणाला, तिकीट काढायचं होतं त्याला. मी शिरीषला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. तोंडातून 'बरं' बाहेर पडणारच होतं, तेवढ्यात मी म्हणाले, "मी आठवडाभर वर्ध्याला चाललेय. आले की सांगते."

आता, मी वर्ध्याला चाललेय हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. थाप मारून झाल्यावर ती निभावायला मी वंदनाला फोन लावला. बाबा बँकेत होते आणि त्यांची बदली वर्धा जिल्ह्यात आर्वीला झाली होती, तेव्हा अकरावी-बारावी मी तिथं काढली. वंदना त्या वर्गातली मैत्रीण. तिला तिकडेच रोहण्याला दिलं, तिच्या घरी संत्र्याची बाग आहे. "येजो नं," ती म्हणाली. "पन आमी वावरात असतो बापा. तुले फिरवाले टाइम नाई भेटनार." म्हटलं, फिरवू नकोस, नुसती राहू दे.

जाणाऱ्यांसाठी माहिती अशी: पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत संध्याकाळी बसलात की सकाळी वर्धा. रोहण्यालाच जायचं असेल तर पुलगावला थांबणारी गाडी बघा, म्हणजे उलटा फेरा पडत नाही. मी रविवारी निघून सोमवारी वर्ध्याला उतरले, कारण मला एक दिवस कुणाचीच पाहुणी नसताना काढायचा होता. सिंदी मेघेत एका घरगुती लॉजमध्ये आठशे रुपयांत खोली मिळाली. अंघोळीला बादलीभर गरम पाणी, चादर स्वच्छ. बाहेरच्या गाड्यावर तर्री-पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे वर ओततात तो तिखट रस्सा, जपून मागा. मी हौसेनं "अजून" म्हणाले आणि दुपारपर्यंत त्याची फळं भोगली.

दुपारी शेअर ऑटोनं पवनारला गेले. धाम नदीच्या पात्रात मोठमोठे काळे खडक आहेत. सगळे सांगतात तिथं बसलं की मन शांत होतं, म्हणून बसले. आभाळ भरून आलेलं होतं, पाणी मातकट, बोचरा वारा. माझ्या मागच्या खडकावर एक नवरा-बायको डबा खात होते.

"इथं घटकाभर बसलं का डोकं थंड होते म्हनते," तो म्हणाला.

"तुमी तं दर महिन्याले येता," ती म्हणाली. "मंग काऊन नाई झालं आजवर?"

मला हसू आलं, आणि मग माझंही डोकं थंड होईना. डोळे मिटले की आईच्या गोळ्यांची वेळ आठवायची. दोन वाजले, आता पांढरी गोळी, मग पाणी, मग तोंड पुसायचं. दहा मिनिटांत उठले. पायऱ्यांवरून एक म्हातारी सावकाश उतरत होती, मी धावत जाऊन तिचा दंड धरला. "सोड वो बाई," ती वैतागून म्हणाली. "मले येते उतरता." मी सोडला. परतीच्या ऑटोत माझे हात मांडीवर पडले होते आणि त्यांचं काय करायचं ते मला खरंच कळत नव्हतं.

मंगळवारी सकाळी एसटीनं पुलगाव, तिथून आर्वीच्या गाडीनं रोहणा. दोन्ही बस मिळून दीडेक तास, आणि मध्ये पुलगावच्या स्टँडवर तेवढीच वाट बघणं. पूर्वी या रस्त्याच्या बाजूनं छोटी रेल्वे जायची, आम्ही मुली तिच्यात बसून उगाच पुलगावला जाऊन यायचो. ती बंद पडून वर्षं झाली. दोन्हीकडे कापसाची वावरं होती, वेचणी झालेल्या पऱ्हाट्या, मधूनच राहिलेलं पांढरं बोंड. माझ्या शेजारच्या बाई आभाळाकडे बघून कंडक्टरला म्हणाल्या, "येते वाटते पानी." कंडक्टर म्हणाला, "नाव नोका घेऊ मावशी." असं का म्हणाला ते मला संध्याकाळी कळलं.

वंदनाचे यजमान, दिगंबरभाऊ, मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभे होते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. घर वावरातच आहे, समोर मेथी-सांबाराचे वाफे (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि मागे बाग. वंदना जाडी झाली होती, मी पिकले होते, त्यावरून दोघींनी एकमेकींना यथेच्छ घालूनपाडून बोलून घेतलं. मग ती मला बाग दाखवायला घेऊन गेली.

मी मनात हिरवीगार, डवरलेली संत्राबाग घेऊन आले होते. समोर होती ती बाग आजारी होती. पानं मलूल, कडांनी आत वळलेली, फांद्या खाली आलेल्या, बुडाशी पिवळ्या पानांचा सडा, जमिनीला भेगा. "अगं, विहीर आटली की काय?"

"विहीर भरून हाय," वंदना म्हणाली. "पानी तोडलं आमी. ताण देल्ला झाडाईले."

मग तिनं सांगितलं ते असं. संत्र्याला पाणी मिळत राहिलं तर झाड नुसतं वाढत राहतं, पानं काढत राहतं. त्याला फुलं यावीत म्हणून डिसेंबरात महिना-दीड महिना त्याचं पाणी पूर्ण बंद करायचं. वाढ थांबते, झाड गप होतं, पानं गाळतं. आणि ते पुरेसं गप झालं की मग पाणी सोडायचं, तेव्हा अख्खी बाग फुलानं फुटते. तो बहार म्हणजे त्यांचं वर्ष. ताण मध्येच तुटला, म्हणजे चुकून पाणी मिळालं, की झाड फुलाऐवजी पालवी काढतं आणि बहार गेला. दिगंबरभाऊ सारखे आभाळाकडे का बघत होते ते तेव्हा कळलं. अवकाळी दोन सरी आल्या असत्या तरी सगळं संपलं असतं. ताणाला वीस दिवस झाले होते.

हे मला नीट सांगितलं होतं आणि मला नीट कळलंही होतं. हे आधीच कबूल करते, पुढं कामाला येईल.

बुधवारचा दिवस मला सोसला नाही. वंदना काही करू देईना. "पाहुनी हायेस, बस." बसून किती बसणार? ती वाफ्यात गेली की मी घडी केलेले कपडे पुन्हा घडी केले. फडताळातले डबे काढून पुसले आणि उंचीप्रमाणे लावले. संध्याकाळी स्वयंपाकघरातून ओरडा आला, "माये डबे कोनी हलवले वो? तिखट कुठीसा गेलं?" जेवायला भरीत, ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा होता, असं भरीत पुण्यात हजार रुपये टाकूनही मिळणार नाही. पण मी जेवताना खिडकीतून मागच्या झाडांच्या खाली आलेल्या फांद्यांकडे बघत होते आणि भरीत ताटात तसंच होतं. आईचा डावा हात असाच लोंबायचा.

गुरुवारी दोघांना आर्वीला एका नातेवाइकाच्या तेरवीला जायचं होतं. जाताना वंदनानं एकुलतं एक काम दिलं, बहुधा दया येऊन. दुपारी बारापर्यंत लाइन होती, मोटार चालू होती, भाजीच्या वाफ्यांना पाणी फिरवायचं. एक वाफा भरला की दांडाची, म्हणजे पाण्याच्या पाटाची, माती सरकवून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. मी साडी खोचून, फावडं घेऊन, अनवाणी उतरले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. अकरापर्यंत वाफे संपले. पाणी अजून धो धो येत होतं, दांडानं सरळ जाऊन शेवटी नाल्यात पडत होतं.

दांडाच्या पलीकडे, चार पावलांवर, बागेची कडेची ओळ होती. तिथली जमीन हलकी, म्हणून त्या झाडांची हालत सगळ्यात वाईट होती. मी जवळ गेले. एका झाडाचं पान धरलं तर ते चामड्यासारखं झालेलं. मी त्याच्याशी बोलले. काय बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "थांब हं, देते." आईला असंच म्हणायचे.

दोन फावडी माती काढली आणि पाणी बागेत गेलं. थोडंसंच, असं मी मनाशी म्हणत होते. त्यांच्या जिवाला थोडा आधार. पहिली ओळ भिजली तेव्हा थांबायला हवं होतं, पण दुसऱ्या ओळीतली झाडं तशीच उभी होती, मग त्यांनाही दिलं. बारा वाजता लाइन गेली तेव्हा तीस झाडांच्या बुडाशी पाणी चमकत होतं. मी हात-पाय धुतले, चहा केला, आणि बाहेर ओट्यावर बसून प्यायले. मला अगदी समाधान वाटत होतं. त्या समाधानाची आठवण आली की अजून अंगावर काटा येतो.

दोघं अडीचच्या सुमारास आले. दिगंबरभाऊ कपडेही न बदलता नेहमीप्रमाणे बागेकडे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मग वंदना गेली. तिची हाक ऐकून मी गेले. भाऊ ओल्या मातीत उकिडवे बसले होते. एक ढेकूळ उचलून त्यांनी हातात दाबलं, बोटांमधून चिखल बाहेर आला.

"ताण तुटला," ते म्हणाले.

"दांड फुटला असंन," वंदना म्हणाली.

"फावड्यानं काढलं हाय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वीस दिवस ज्या आभाळाला ते घाबरत होते त्यानं एक थेंब टाकला नव्हता. ते काम पाहुणीनं केलं होतं.

"तुमाले कोनी सांगतलं होतं का ताई?" भाऊंनी विचारलं, इतकं साधं की त्यांना खरंच वाटत होतं कुणीतरी सांगितलं असेल. मी म्हणाले, नाही. ते उठले, आणि पुढं पाणी पाझरू नये म्हणून तिसऱ्या ओळीच्या कडेनं माती ओढायला लागले. मी फावडं घ्यायला पुढं झाले तर म्हणाले, "राहू द्या आता. काई करू नोका." रागानं नाही. पण मला ते एक वाक्य जन्मभर पुरेल.

रागवायचं काम वंदनानं केलं, आणि तिनं ते कसर न ठेवता केलं. "काऊन केलं तू असं? मी सांगतलं नव्हतं का तुले? लहान लेकरू हायेस का? तीस झाडं वो, अलके! वर्साचं पीक! तुया हातानं घडीभर गप बसवत नाई का?" मी ऐकून घेतलं, दोघांची माफी मागितली. चूक नव्हती ती, चूक नकळत होते. मला कळत होतं आणि मी केलं.

संध्याकाळी ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, मी बाजूला बसले होते. तिनं बोलणं टाकलं होतं. शेवटी मलाच राहवेना. मी तिला शिरीषचा फोन, रविवारचा वायदा, सगळं सांगितलं. आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बाहेर आलं.

"वंदे, आई गेली ना, तेव्हा मला बरं वाटलं. रडले नंतर. पण आधी बरं वाटलं. मी खिडकी उघडली आणि मोठा श्वास घेतला. तिचा हात अजून गरम होता."

मला वाटलं ती म्हणेल, असं नसतं गं, तू थकली होतीस. सगळे तेच म्हणाले असते. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "वाटलं असंन. मले भी सासू गेली तवा वाटलं होतं."

"मग?"

"मंग का? वाटलं. दुसऱ्या रोजी उठली, कामाले लागली." भाकरी तिनं टोपल्यात टाकली. मग माझ्याकडे वळली. "पन एक सांगू का? तुले नं, कोनीतरी पडलेलं लागते. कोनी पडलेलं नसलं का तू कावरीबावरी होते. आता मानूस नाई भेटला तं तुले झाडं भेटले."

मी ताडकन उठले. आठ वर्षं मी काय उपसलं होतं हे हिला काय माहीत! तिनं कुठं ढुंकून पाहिलं होतं! मी न जेवता बाहेर जाऊन बाजेवर बसले. राग धुमसत होता, आणि त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते जास्त वाईट होतं. कारण ती खरं बोलत होती. मला त्या झाडांची दया आली होती हे अर्धंच. मला त्यांची गरज होती. हैदराबादच्या त्या खुबा मोडलेल्या बाईंबद्दल ऐकून मला जे झालं होतं, ते वाईट वाटणं नव्हतं. ती हाव होती. वंदनानं थोड्या वेळानं ताट आणून न बोलता बाजेवर ठेवलं. मी जेवले.

शुक्रवारी सकाळी भाऊंनी दारातून आवाज दिला. "चाला मायासंगं. हात फक्त मागं ठेवजा."

ते रोज सकाळी आणि भर दुपारी अशी दोनदा बाग फिरतात. एकेका झाडापाशी थांबतात, बघतात, पुढं जातात. हात लावत नाहीत. मी मागे हात बांधून त्यांच्या मागून चालले. ते अधूनमधून सांगत होते. दुपारी पान मान टाकतं. सकाळी ते पुन्हा वर आलं असलं तर झाडात अजून ओल आहे, ताण पुढं चालवायचा. सकाळीही पान उठलं नाही की झाड पुरतं थांबलं, मग दिवस धरून पाणी सोडायचं. चार दिवस आधी सोडलं तर फुलं कमी, चार दिवस उशीर केला तर फांदी वाळते.

"भाऊ, बघवतं तुम्हाला?" मी विचारलं.

"नाई बघवत," ते म्हणाले. "म्हनून तं दोनदा येतो. सोडून देल्लं असं झाडाले वाटू नये."

माझ्या दोन ओळींशी आलो. सगळ्या बागेत त्याच देखण्या दिसत होत्या. पानं ताठ, तुकतुकीत. परक्या माणसानं बघितलं असतं तर म्हटलं असतं, वा, काय निगा राखली आहे! भाऊ तिथंही थांबले, तितकाच वेळ. "आता हे पालाच देतीन यंदा," असं म्हणून पुढं गेले. मला तिथं उभं राहणं फार जड गेलं. माफी मागितली. ते म्हणाले, "मागतली नं काल." बस, एवढंच.

शनिवारी आभाळ थोडं उघडलं, पण ऊन असं पडलंच नाही. संध्याकाळी मला वर्ध्याहून गाडी होती. दुपारी भाऊ म्हणाले, तुम्हीच जाऊन या. मी एकटी गेले. फेरी झाल्यावर मधल्या एका झाडाखाली, भेगाळलेल्या जमिनीवर बसले. अर्धा-पाऊण तास बसले असेन. शांतता वगैरे मिळाली असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल, पण तसं झालं नाही. रिकामं वाटलं. भीती वाटण्याइतकं रिकामं. एरवी मी तिथून उठून काहीतरी पुसायला, झाडायला, कुणाला तरी उठवून बसवायला गेले असते. गेले नाही. एक पान माझ्या मांडीवर पडलं, ते उचललं नाही. मला वाटत होतं मी आईसाठी सगळं सोडलं. खरं म्हणजे मला ते करायला येत होतं, आणि ते करताना मी कोण आहे हे मला विचारावं लागत नव्हतं. मी चांगली होते म्हणून केलं नाही, वाईट होते म्हणून श्वास घेतला नाही. दोन्ही मीच. हे कळून आनंद झाला नाही, पण खांदे खाली आले. किती वर्षं मी ते वर ओढून धरले होते कोण जाणे.

निघताना वंदनानं मेथीच्या चार जुड्या आणि सांबाराचा भारा बांधून दिला. मला बसमध्ये चढवताना म्हणाली, "पुढल्या बारी येजो. पन फावडं लपवून ठेवतो मी." मी हसले, आणि बस सुटल्यावर रडले. शेजारी बसलेल्या माणसानं खिडकी लावून घेतली.

काय उरलं, ते आता मार्च संपताना लिहितेय. जानेवारीच्या मध्याला त्यांनी पाणी सोडलं. फेब्रुवारीत वंदनानं फोटो पाठवला. अख्खी बाग पांढरी, आणि कडेच्या दोन ओळी नुसत्या हिरव्या. खाली लिहिलं होतं, "तुया ओळी पाय," म्हणजे तुझ्या ओळी पाहा. भाऊ त्या ओळींचा आता पावसाळ्याचा बहार धरणार आहेत, उन्हाळ्यात पुन्हा पाणी तोडून. भागेल का त्यानं, असं विचारलं तर वंदना म्हणाली, "पाहू." माझ्यामुळे त्यांचं नुकसान झालं ते झालं, ते कुठल्याही समजुतीनं भरून निघत नाही, आणि मी ते भरून निघाल्याचं नाटक इथं करणार नाही.

आमच्या समोरच्या इमारतीत एक काकू आहेत, त्यांचे यजमान दीड वर्षं अंथरुणावर आहेत. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीन ते पाच मी तिथं जाते, म्हणजे काकूंना बाहेर पडता येतं. तिथं मी फार काही करत नाही. काकांची उशी सरकली असेल तर त्यांना विचारते, नीट करू का. कधी हो म्हणतात, कधी नाही. नाही म्हटलं तर बसून राहते. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत?" म्हटलं, येतो. ते हसले. पाच वाजले की घरी येते. आयुष्याचा उद्देश वगैरे लोक म्हणतात तो हाच का, मला सांगता येत नाही. मंगळवार उजाडला की मला उठावंसं वाटतं, हे मात्र खरं.

आणि शिरीष. ते शेवटी ठेवलं, कारण लिहायला जड जातंय.

त्या रविवारी सकाळी मी घरी पोचले, आणि दहा वाजता त्याचा फोन आला. मी सांगितलं, मी येणार नाही. तो म्हणाला, "अगं पण तू करणार काय तिथं एकटी?" म्हटलं, अजून माहीत नाही. सासूबाईंसाठी एखादी बाई बघ, कसं काय करायचं ते तिला मी फोनवर समजावीन.

"तू बदललीस ताई."

"नाही रे. मी अशीच होते."

मग तो एकदम बारीक आवाजात म्हणाला, "आईचं अचानकच झालं ना गं सगळं?"

हे तो मला तीन महिन्यांत कितीदा विचारत आला होता! आई गेली त्या आठवड्यात मंगळवारी मी त्याला फोन केला होता, आईचं काही खरं नाही, निघून ये. तो म्हणाला होता शनिवारी येतो. शुक्रवारी संध्याकाळी ती गेली. आणि दरवेळी मी म्हणत आले होते, हो रे, अचानकच, तू आला असतास तरी काही झालं नसतं, तू नको मनाला लावून घेऊस. म्हणायचे आणि त्याचा आवाज जरा सुधारायचा, की मग मला झोप लागायची.

"नाही," मी म्हणाले. "चार दिवस लागले तिला. तू यायला हवं होतंस."

पलीकडे तो रडायला लागला. मोठ्यानं, लहानपणी रडायचा तसा. समजूत घालायचे सगळे शब्द माझ्या तोंडाशी येऊन उभे होते. मी फोन ठेवला नाही आणि काही बोललेही नाही. त्याचं होईपर्यंत मी तिथंच, आईच्या पलंगाच्या कडेवर, बसून राहिले.